सिग्नलवर आधी कोण?

गेल्या नोव्हेंबरात आईला हयातीचा दाखला द्यायला बँकेत घेऊन निघाले होते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. बँक चौकाच्या पलीकडे. पादचाऱ्यांचा हिरवा माणूस लागला तशा आम्ही फूटपाथवरून उतरलो. दुभाजक ओलांडून चार पावलं गेलो असू, तोवर हिरवा माणूस लुकलुकायला लागला आणि लाल झाला. समोर गाड्यांची रांग उभी होती. त्यांचा सिग्नल अजून सुटला नव्हता, पण सेकंद मोजणारा आकडा पाचावर आला तशा पुढच्या टू-व्हीलर इंच-इंच सरकू लागल्या आणि मागून हॉर्न सुरू झाले. आई जागच्या जागी थिजली. पुढे जाईना, मागे येईना. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली होती.

तेवढ्यात सगळ्यात पुढच्या रिक्षावाल्या दादांनी बाहेर वाकून उजवा हात आडवा धरला. “आजी, या सावकाश. मी थांबलोय.” त्यांचा सिग्नल सुटला, मागचे ओरडले, तरी तो हात खाली आला नाही. आम्ही फूटपाथवर चढलो तेव्हाच रिक्षा हलली.

घरी आल्यावर आई म्हणाली, “चूक आपलीच गं. सिग्नल त्यांचा लागला होता.” तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय. चूक तिची नव्हती. हिरवा असताना ती उतरली होती, आणि उतरलेल्या माणसाला पलीकडे पोचू देणं हे गाडीवाल्याचं काम आहे.

हिरव्याचा खरा अर्थ

गाडी शिकताना आपण पाठ करतो: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे जा. यातलं पहिलं तेवढं बरोबर आहे. पिवळ्याचा अर्थ ‘थांबा’ असाच आहे. ब्रेक दाबला तर मागचा येऊन आदळेल इतके तुम्ही स्टॉप लाइनच्या जवळ असाल, तरच पुढे जायचं. हिरव्याचा अर्थ ‘पुढचा रस्ता मोकळा असेल तर जा’ असा आहे. झेब्र्यावर माणूस असेल तर रस्ता मोकळा नाही. मग दिवा हिरवा होऊन दोन सेकंद झालेले असोत की दहा.

आपल्याकडे गाडी कशी चालवावी याचे नियम मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११८ खाली केंद्र सरकार ठरवतं. आधी १९८९ चे रस्त्याचे नियम होते, त्यांची जागा २०१७ साली नव्या नियमावलीने घेतली. पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग यांची चालकाने विशेष काळजी घ्यायची, असं तिच्यात सांगितलेलं आहे. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा झेब्र्याजवळ आल्यावर वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. पुढे गाड्या तुंबल्या असतील आणि आपल्याला झेब्रा पार करून पुढे जागा मिळणार नसेल, तर झेब्र्यावर गाडी घालायचीच नाही, अलीकडेच थांबायचं. रोज संध्याकाळी सात वाजता कुठल्याही चौकात सर्रास मोडला जाणारा नियम हाच असावा. झेब्र्यावर बस उभी, तिच्या पुढ्यात दोन कार, आणि माणसं गाड्यांच्या फटींतून वाट काढतायत.

चौकात हुकूम कोणाचा चालतो याचीही एक उतरंड आहे. गणवेशातला पोलीस हाताने इशारा करत असेल तर तो सगळ्यांत वर. दिवा हिरवा असला तरी मामांचा हात आडवा आहे तोवर थांबायचं, आणि हे चालणाऱ्यांनाही लागू आहे. पोलीस नसेल तर दिवा. दिवा नसेल किंवा बंद असेल तर पाट्या आणि रस्त्यावरचे पट्टे.

शेवटची गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. रात्री बरेच सिग्नल लुकलुकत्या पिवळ्यावर टाकलेले असतात. कधी वीज गेल्याने सिग्नल बंद पडतो. अशा वेळी ‘सिग्नलच नाही, मग काय, चला’ असं धरून गाड्या वेगात निघतात. कायद्याने होतं बरोबर याच्या उलट. सिग्नल नसलेला चौक म्हणजे नियंत्रण नसलेला झेब्रा, आणि तिथे चालणाऱ्याचा हक्क अगदी स्पष्ट शब्दांत पहिला आहे. लुकलुकता पिवळा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा.

पादचाऱ्यांचा सिग्नल असेल तर

हिरवा माणूस स्थिर असेल तर निघायचं. लुकलुकत असेल आणि तुम्ही रस्त्यावर असाल तर न पळता, न थांबता पलीकडे जायचं. अजून फूटपाथवर असाल तर उतरायचं नाही. लाल माणूस असेल तर थांबायचं. (‘माणूस’ म्हणतेय, पण २०२० साली मुंबईत दादर परिसरात काही सिग्नलवर बाईची आकृती बसवली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खरंच थबकले होते.)

लुकलुकण्याच्या या काळाचा अर्थ चालणारे आणि चालवणारे दोघेही चुकीचा लावतात. चालणाऱ्याला वाटतं, वेळ संपली, आता पळा. पळताना माणूस पडतो, हातातली पिशवी पडते, मूल मागे राहतं. लुकलुकणं सुरू झालं म्हणजे ‘नव्याने कोणी उतरू नका’ एवढंच. जे उतरलेत त्यांच्यासाठी हा वेळ राखूनच ठेवलेला असतो. गाडीवाल्याला वाटतं, त्यांचं संपत आलं म्हणजे आपलं सुरू. सेकंद मोजणाऱ्या आकड्याने ही घाई आणखी वाढवली आहे. आकडा तीनवर आला की फर्स्ट गिअर पडतो, दोनवर क्लच सुटतो. आकडा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्यासाठी आहे. निघायचं ते दिवा हिरवा झाल्यावर, आणि त्याआधी एकदा डावीकडून उजवीकडे अख्ख्या झेब्र्यावर नजर फिरवून.

वयस्कर माणसांसाठी मी एक सवय सुचवेन, आईला मी हीच लावली: ताजा हिरवा घ्यायचा. आपण पोचलो तेव्हा हिरवा माणूस आधीपासून लागलेला असेल तर तो सोडून द्यायचा. किती सेकंद उरलेत ते आपल्याला माहीत नसतं. एक फेरी थांबायचं, लाल बघायचा, मग नवा हिरवा लागल्याबरोबर निघायचं. दीड-दोन मिनिटं जातात, पण हिरव्याचा प्रत्येक सेकंद आपल्या हातात असतो.

गाड्यांचा सिग्नल आहे, माणसांचा नाही

आपल्या गावाशहरांत बहुतेक चौक असेच असतात, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. म्हणून इथे जरा थांबून नीट समजून घेऊ.

एक साधा चौक डोळ्यांसमोर आणा. चार रस्ते, चारही बाजूंना सिग्नल, आणि एकेका रस्त्याला आळीपाळीने हिरवा. ज्याला हिरवा मिळतो त्या रस्त्याच्या गाड्या सरळ, डावीकडे आणि उजवीकडे अशा तिन्हीकडे एकदम सुटतात. तुम्हाला यातला एक रस्ता ओलांडायचा आहे. त्याला बाजाराचा रस्ता म्हणू. त्याचे दोन अर्धे भाग असतात. एका अर्ध्या भागातून बाजाराकडच्या गाड्या चौकात येतात आणि स्टॉप लाइनला उभ्या राहतात. दुसऱ्या अर्ध्या भागातून चौकातल्या गाड्या बाहेर पडून बाजाराकडे जातात.

बाजाराच्या रस्त्याला लाल असतो तेव्हा पहिला भाग शांत असतो. दुसऱ्या भागात मात्र गाड्या येतच राहतात, कारण तेव्हा उरलेल्या तीनपैकी एका रस्त्याला हिरवा असतो आणि त्याच्या काही गाड्या बाजाराकडे येणारच: कोणी डावीकडे वळून, कोणी सरळ, कोणी उजवीकडे वळून. मग बाजाराच्या रस्त्याला हिरवा मिळतो. आता दुसरा भाग मोकळा होतो, यू-टर्नवाले सोडले तर. पण पहिल्या भागातून गाड्यांचा लोंढा सुटतो. कागदावर चौकोन काढून बाण मारून पाहा. अख्खा झेब्रा एका वेळी रिकामा आहे असा एक क्षणही या चौकात येत नाही. गाड्यांचं गणित कोणीतरी बसून पक्कं केलं, आणि चालणाऱ्यांना त्यात एक सेकंदही आला नाही.

‘लोक कसेही रस्ता ओलांडतात, शिस्तच नाही’ ही तक्रार मी मीटिंगांमध्ये, लग्नाच्या पंगतीत, रिक्षात ऐकली आहे. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मला हा चौकोन काढून दाखवावासा वाटतो. अशा चौकात चालणाऱ्यापुढे दोनच मार्ग असतात: वळणारी गाडी थांबेल यावर विसंबायचं, नाहीतर रस्ता दोन तुकड्यांत ओलांडायचा.

म्हणून चालकांनो, वळताना तुमच्या हिरव्यात चालणाऱ्याचा हिरवा मिसळलेला आहे असं धरून चला. तुम्ही डावीकडे वळताय आणि वळल्यावर समोर झेब्रा आहे, त्यावर माणसं आहेत, तर त्यांची पाळी आधी. तुम्हाला हिरवा मिळाला तो चौकात शिरायला. ज्या रस्त्याला तुम्ही वळताय तिथला झेब्रा तुमच्या नावावर झालेला नाही. वळताना वेग माणसाच्या चालण्याइतका ठेवा. उजवीकडे वळणाऱ्यांचं सगळं लक्ष समोरून येणाऱ्या गाड्यांत असतं. फट मिळाली की ते गाडी झपकन काढतात आणि वळणाच्या शेवटी झेब्र्यावर कोण आहे हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. फट शोधण्याआधी झेब्रा बघा. तो मोकळा नसेल तर समोरची फट तुमच्या कामाची नाही.

फ्री लेफ्टबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. लाल असताना डावीकडे वळायची सरसकट मुभा नाही. तशी पाटी किंवा डावा हिरवा बाण असेल तरच वळता येतं. पाटी असली तरी ती मुभा आहे; वाटेत माणूस असेल तर थांबायचं. फ्री लेफ्टच्या कोपऱ्यावर गाड्यांना लाल लागतच नाही, म्हणून तिथे उभ्या माणसाला स्वतःची अशी पाळी कधीच येत नाही. तिथे तो केवळ तुमच्या थांबण्यावर पलीकडे जातो.

चालणाऱ्यांनी अशा चौकात रस्ता अर्धा-अर्धा ओलांडावा. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे एक खूण नेहमी लागू पडते. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. चौक तुमच्या उजव्या हाताला असेल, तर पहिला अर्धा भाग चौकातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा. तो सगळ्यात मोकळा मिळतो तो पलीकडच्या अर्ध्या भागातल्या गाड्या सुटलेल्या असतात तेव्हा. त्या वेळी दुभाजकापर्यंत जा, तिथे थांबा, आणि त्या गाड्यांना लाल लागला की उरलेला भाग ओलांडा. चौक डाव्या हाताला असेल, तर पहिला भाग स्टॉप लाइनला थांबणाऱ्या गाड्यांचा. त्यांना लाल असताना दुभाजकापर्यंत जा. मग त्यांचा सिग्नल सुटेपर्यंत तिथेच उभे राहा. तुमच्या पाठीमागून त्या जात असतील तेव्हा समोरचा भाग मोकळा असेल. वाचायला उलटसुलट वाटतं. एकदा चौकात उभं राहून दोन फेऱ्या नुसत्या बघा, डोक्यात पक्कं बसेल.

दुभाजक अरुंद असेल, मध्ये उभं राहायला जागा नसेल, तर तिथे म्हाताऱ्या माणसाने किंवा बाबागाडी घेऊन ओलांडू नये. शंभर पावलं जास्त चालून दुसरी जागा शोधावी. अशी वेळ माणसावर यावी हे वाईटच, पण पाय आपला आहे.

चालकाने ध्यानात ठेवायच्या काही गोष्टी

स्टॉप लाइन झेब्र्याच्या अलीकडे असते. गाडी तिच्याही अलीकडे थांबली पाहिजे, पुढचं चाक लाइनीवर ठेवून नाही. लाइन पुसली गेली असेल तर झेब्र्याच्या अलीकडे, झेब्राही दिसत नसेल तर सिग्नलच्या खांबाच्या अलीकडे. २०१७ च्या नियमावलीतला नियम मोडला तर कलम १७७-अ खाली पाचशे ते हजार रुपये दंड आहे. सिग्नल तोडणं त्याहून कितीतरी गंभीर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ खालच्या धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं: पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मला वेगाचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात १४ मीटर गेलेच. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला साधारण तेवढेच आणखी. एकूण २८ मीटर. ताशी ३० ने हेच सगळं तेरा-चौदा मीटरमध्ये होतं. म्हणजे तिशीच्या वेगातली गाडी जिथे थांबून उभी असेल, तिथे पन्नाशीच्या वेगातल्या गाडीचा ब्रेक अजून लागायला सुरुवात होत असते. पिवळा बघून वेग वाढवणारा माणूस नेमका याच वेगात झेब्र्यावर येतो, आणि नेमका त्याच क्षणी पलीकडून कोणीतरी पाऊल टाकत असतं.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. डाव्या लेनमध्ये एस.टी. किंवा कार थांबलेली दिसते. मागचा बाइकवाला वैतागून उजवीकडून पुढे जातो, आणि त्या गाडीच्या पुढून शाळेचं दप्तर बाहेर येतं. झेब्र्यापाशी थांबलेल्या गाडीला कधीही ओव्हरटेक करू नका. ती कोणासाठी तरी थांबली आहे.

झेब्र्यावरच्या माणसाला हॉर्न देऊ नका. हॉर्नने म्हातारी माणसं थांबतात आणि मुलं पळतात. रात्री हाताने किंवा डिपर देऊन ‘या’ अशी खूण करतानाही जपून. तुम्ही थांबलात तरी शेजारच्या लेनमधला थांबेलच असं नाही, आणि तुमच्या खुणेवर विसंबून माणूस पुढे होतो. पांढरी काठी घेतलेला माणूस दिसला तर पूर्ण थांबा आणि तो पलीकडे पोचेपर्यंत इंजिनाची रेस वाढवू नका. तो कानांनी रस्ता ओलांडतो.

पावसाळ्यात झेब्र्याचे पांढरे पट्टे निसरडे होतात. टू-व्हीलरवर असाल तर ब्रेक पट्ट्यांच्या अलीकडे, डांबरावर लावा. पट्ट्यांवर जोरात ब्रेक मारला तर गाडी घसरून थेट माणसांत जाते.

चालणाऱ्यांनी स्वतःला कसं जपावं

हक्क आपला असला तरी चुकल्यावर हाड मोडतं ते आपलंच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वदच्या आसपास. या आकड्यांकडे बघून मी जे करते ते सांगते.

गाड्यांना लाल लागल्याबरोबर उतरत नाही. पहिली रांग खरोखर थांबेपर्यंत वाट बघते, कारण लाल झाल्यावरही दोघं-चौघं निसटतात. उतरण्याआधी पुढच्या गाडीच्या चालकाकडे बघते. त्याने मला पाहिलंय हे कळल्याशिवाय त्याच्या पुढ्यातून जात नाही. बस आणि ट्रकच्या अगदी नाकाजवळून तर कधीच नाही. उंच केबिनमधून खालचा माणूस दिसत नाही, विशेषतः डाव्या कोपऱ्यातला. चार-पाच जण मिळून ओलांडत असतील तर त्यांच्यात मिसळते. फोन पिशवीत, कानातलं काढलेलं. छत्री पुढे झुकवून चाललं तर उजवीकडचं काही दिसत नाही, म्हणून पावसात रेनकोट बरा. रात्री एखादी पांढरी किंवा फिकट ओढणी वरून घेते.

मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडू नये, मनगट धरावं. बोट सुटतं. शाळकरी मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येतेय याचा अंदाज त्याला नीट येत नाही. ‘आई, अजून लांब आहे’ हे त्याचं म्हणणं खरं धरू नये. आणि मूल बरोबर असताना लाल माणसावर रस्ता ओलांडू नये, रस्ता कितीही रिकामा असो. उद्या ते एकटं असताना तेच करेल.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी दोन शब्द. इंग्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आणि २०२२ पासून तिथल्या हायवे कोडमध्ये, गाडी ज्या रस्त्याला वळतेय तो ओलांडणाऱ्या किंवा ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाला आधी जाऊ द्यावं, असं सांगितलं आहे. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आधी बघायचं ते डावीकडे. साठ वर्षांची सवय मोडून हे करावं लागतं, म्हणून पहिले काही दिवस एकटं बाहेर पडू नये. तिथे बऱ्याच ठिकाणी लाल असतानाही पूर्ण थांबून उजवीकडे वळायची परवानगी असते. तुमचा चालायचा दिवा लागला तरी वळणाऱ्या गाडीकडे एकदा बघाच.

समजा, लागलंच तर

‘माणूस लाल असताना मध्ये आला’ एवढं म्हटल्याने चालक सुटत नाही. चालणाऱ्याची चूक असेल तर नुकसानभरपाई ठरवताना ती धरली जाऊ शकते, पण समोर माणूस दिसत असताना थांबण्याची जबाबदारी चालकाचीच राहते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. आणि मदतीला धावलेल्या त्रयस्थाला पोलिसांच्या लफड्यात अडकायची भीती नको. त्याला संरक्षण देणारं कलम १३४-अ २०१९ साली त्याच कायद्यात घातलं गेलं. ही एक गोष्ट तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण भीतीने लोक नुसते उभे राहतात.

आपल्या चौकाची वेळ मोजा

सिग्नलची वेळ कोणीतरी ठरवलेली असते, म्हणजे ती बदलताही येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण आपल्या कोपऱ्यावरचा सिग्नल सात सेकंदांनी वाढावा म्हणून कोर्टात जावं लागत नाही. वाहतूक पोलिसांना आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला एक नीट अर्ज द्यावा लागतो. ‘सिग्नल फार कमी वेळ असतो’ असा अर्ज बाजूला पडतो. आकडे दिले तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

मोजायला टेप लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे झेब्र्याचा पांढरा पट्टा अर्धा मीटर रुंद असतो आणि दोन पट्ट्यांमधली मोकळी जागाही अर्धा मीटर. म्हणजे एक पांढरा अधिक एक काळा, झाला एक मीटर. जितके पांढरे पट्टे, साधारण तितक्या मीटरचा रस्ता. (काही ठिकाणी रंगवणाऱ्यांनी हे माप पाळलेलं नसतं, एखादा पट्टा पावलाने ताडून बघा.) मग फोनवर स्टॉपवॉच लावून हिरवा माणूस स्थिर किती सेकंद आणि लुकलुकता किती सेकंद ते तीन फेऱ्यांत मोजा. सिग्नलची वेळ बसवताना चालण्याचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटरचा रस्ता ओलांडायला त्या हिशोबाने २० सेकंद पुरतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना त्याच रस्त्याला ३० सेकंद लागतात. अर्जात चौकाचं नाव, कोणत्या बाजूचा झेब्रा, रस्त्याची रुंदी, मोजलेले सेकंद, मोजल्याचा दिवस आणि वेळ लिहा. जवळ शाळा, दवाखाना, बँक, देऊळ असेल तर तेही. पट्टे पुसले गेले असतील तर फोटो जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या चौकात पांढरे पट्टे भरले सव्वीस. लुकलुकणं धरून हिरवा माणूस वीस सेकंद. १.२ च्या वेगानेसुद्धा बावीस सेकंद लागतात, म्हणजे धडधाकट माणसालाही तो पुरत नाही. एका रविवारी सकाळी आईला आमच्या सोसायटीच्या आवारात सव्वीस मीटर चालायला लावलं आणि वेळ लावली: एक्केचाळीस सेकंद. हे सगळं अर्जात लिहून दिलं आहे, पोच घेतली आहे, उत्तर अजून यायचं आहे. तोवर बँकेत जाताना आम्ही एका हिरव्यात दुभाजकापर्यंत जातो, तिथल्या कठड्याला धरून उभ्या राहतो, आणि उरलेला रस्ता पुढच्या ताज्या हिरव्यात ओलांडतो.